दीड वर्षाच्या बाळाला खाण्यामुळे डायपर रॅश येऊ शकतो का?

हो, येऊ शकतो. खाणं बदललं की शी बदलते, आणि त्वचा सोलवटते ती बहुतेकदा शीमुळेच. पातळ शी पोटातून लवकर बाहेर पडते, त्यामुळे तिच्यात पाचकरस जास्त उरलेले असतात. त्यात लघवी मिसळली की ते आणखी तीव्र होतात आणि नाजूक त्वचेला अक्षरशः झोंबतात.

संत्री, टोमॅटो, स्ट्रॉबेरी यांनी काही मुलांना गुदद्वाराभोवती लाल कडं उमटतं. फळांच्या रसाने जुलाब होतात, हे मात्र पालकांच्या पटकन लक्षात येत नाही. वर्षाच्या आत रस नकोच. १ ते ३ वर्षांत दिवसाला फार तर १२० मिली. त्यापेक्षा फळच द्या.

नवा पदार्थ एका वेळी एकच द्या, मध्ये ३-४ दिवस जाऊ द्या, म्हणजे कशाने त्रास झाला ते कळेल. पण संशयावरून सगळंच बंद करू नका, बाळाला पोषण हवंच. तोवर डायपर लगेच बदला, कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा.

जांघेच्या घड्यांत लालभडक चट्टा आणि कडेला बारीक पुरळ दिसलं, विशेषतः अँटिबायोटिकनंतर, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. तेव्हा, किंवा फोड, पू, ताप असेल तर डॉक्टरांना दाखवाच.