नोकरी गेली, पण भत्त्याचा अर्ज करवत नाही

‘बेकारी भत्ता मिळू शकतो हे कळलंय, पण अर्ज करायला हात धजत नाही.’ सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या, नोकरी गेलेल्या माणसांकडून हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकते. कुणी म्हणतं, लवकरच दुसरी नोकरी लागेल, मग कशाला ती खटपट? कुणी म्हणतं, आमच्यापेक्षा गरजू लोक आहेत. खरं कारण बहुतेक वेळा यांपैकी कुठलंच नसतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण सांगते.

पंचेचाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ. एका कंपनीच्या पगारविभागात बरीच वर्षं काढलेली. माणसं कमी करायची ठरलं तेव्हा यादीत यांचंही नाव आलं. माझ्याकडे येण्याची वेळ त्यांच्या पत्नीने ठरवली होती, आणि बोलायला सुरुवातही तिनेच केली. ‘मी रोज आठवण करते, हे रोज उद्यावर ढकलतात.’

“अर्ज का नाही केलात?” मी विचारलं.

“रांगेत उभं राहून हात पसरायचा? आमच्यानं नाही व्हायचं ते, मॅडम.”

“तुम्ही लोकांचे पगार काढायचात. त्यात बेकारी विम्याची कपात असायची?”

“असायची की. दर महिन्याला.”

“मग ती कशासाठी कापत होतात?”

ते गप्प बसले, पण हसले नाहीत. मला ते बरं वाटलं. हसून विषय टाळणाऱ्यांशी पुढे बोलणं अवघड जातं.

बेकारी भत्ता बहुतेक ठिकाणी विम्याच्या तत्त्वावर उभा आहे. ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने ठरावीक उद्योगांतल्या कामगारांसाठी तो सुरू झाला, तेव्हाच कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांनी पैसे भरायचे असं ठरलं होतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हा भार फक्त मालकावर असतो, तरी तिथेही भत्ता आधी केलेल्या कामावरच मिळतो. घर जळल्यावर विम्याचा दावा लावणाऱ्याला कुणी भिकारी म्हणत नाही. हे त्यांना पटलं, त्यांनी मान डोलावली, घरी गेले आणि तरीही अर्ज केला नाही. पटणं आणि करणं यांत असंच अंतर असतं. त्याबद्दल कुणाला आळशी म्हणू नये.

गाठ दुसरीकडेच होती. पुढच्या भेटीत त्यांनी फॉर्म आणला आणि ‘नोकरी संपण्याचं कारण’ या रकान्यावर बोट ठेवलं. कंपनीने त्यांना सांगितलं होतं, “काढून टाकलं असं कागदावर नको. तुम्हीच राजीनामा द्या, पुढे डाग लागणार नाही.” त्यांनी सही केली होती. आता ‘राजीनामा’ लिहिलं तर भत्ता जाणार आणि ‘नोकरकपात’ लिहिलं तर खोटं ठरणार. आयुष्यभर आकडे जुळवलेल्या माणसाला हा रकाना ओलांडता येत नव्हता.

भीती निराधार नव्हती. आपणहून नोकरी सोडणाऱ्याला जर्मनीत सबळ कारण नसेल तर १२ आठवड्यांपर्यंत भत्ता रोखला जातो. अमेरिकेत योग्य कारणाशिवाय राजीनामा दिला तर साधारणपणे तो नाकारला जातो. भारतात कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आणली. २०२० मध्ये तिच्यातली मदत सरासरी मजुरीच्या २५ वरून ५० टक्के झाली, तीही जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. तिच्यातही गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला जागा नाही. म्हणून, सही करायला सांगताहेत अशा वळणावर कुणी असेल तर माझं एकच सांगणं असतं: त्याच बैठकीत सही करू नका, एक दिवस मागून घ्या. राजीनामा ‘सन्मानाचा’ आहे असं समोरचा सांगतो, तेव्हा तो बहुधा स्वतःची सोय पाहत असतो.

यांची सही होऊन गेली होती. मी विचारलं, “राजीनामा द्या, हे लेखी कुठे आहे का?” होतं. वरिष्ठांच्या ईमेलमध्ये नोकरकपातीचा उल्लेख होता आणि राजीनाम्याची तारीखही त्यांनीच सुचवली होती. मग घडलं ते जसंच्या तसं लिहायचं ठरलं: राजीनामा दिला, कंपनीच्या सांगण्यावरून दिला, सोबत ईमेलची प्रत. “पण नाकारलं तर?” “नाकारणं त्यांचं काम आहे. ते तुम्ही आधीच कशाला करताय?”

आधी मन सावरू दे, मग कागदपत्रं पाहू, असं घरचे प्रेमाने म्हणतात. माझं मत उलट आहे. बऱ्याच ठिकाणी अर्जाआधीच्या दिवसांचा भत्ता मिळत नाही. जर्मनीत तर नोकरी संपायला तीन महिन्यांहून कमी उरले असताना ते कळलं, तर कळल्यापासून तीन दिवसांत नोंद करावी लागते. आणि रिकाम्या वेळात मन आपोआप सावरत नाही. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएंटाल गावातली कापडगिरणी बंद पडली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांना तिथे दिसलं की वेळ भरपूर असूनही लोक वाचनालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तकं नेत होते, पुरुषांची चालही मंदावली होती. म्हणून तो फॉर्म मी त्यांच्याकडून माझ्यासमोरच भरून घेतला. पत्नीला सांगितलं, रोज विचारू नका. आठवड्यातून एक वार ठरवा आणि त्याच दिवशी विचारा. तिला ते जड गेलं, पण तिने पाळलं.

नोकरी शोधत असल्याची नोंद वेळोवेळी द्यायची, मधे काही कमाई झाली तर कळवायची, ही अट त्यांना आधी अपमानाची वाटली. पगारविभागातल्या माणसाने पुढे त्याचाही तक्ता केला, तोही रंगीत.

पहिला निर्णय विरोधात गेला. कंपनीने ‘स्वेच्छेने राजीनामा’ असं कळवलं होतं. ते पत्र घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. मी कारणं वाचलीच नाहीत, आधी अपिलाची मुदत शोधली. ती अजून संपली नव्हती. त्यांनी ईमेल जोडून अपील केलं, सुनावणीत स्वतः बोलले आणि भत्ता मंजूर झाला. नोकरी तेव्हाही लागलेली नव्हती, पण माझ्याकडच्या पुढच्या भेटीची वेळ या खेपेला त्यांनी स्वतः फोन करून घेतली.