'गर्भपात' आणि 'भ्रूणहत्या': समानार्थी आहेत का?

एका शिक्षिकेने विचारलं आहे. अकरावीच्या मुलांचा वादविवाद आहे, विषय गर्भपाताचा. एका मुलाने वाक्य लिहून आणलं: 'भ्रूणहत्येमुळे स्त्रीच्या आरोग्याला धोका निर्माण होतो, म्हणून ती अनैतिक आहे.' इथे 'भ्रूणहत्या' हा शब्द 'गर्भपात' या अर्थाने चालेल का, असा त्यांचा प्रश्न.

नाही चालणार. 'हत्या' म्हटलं की मारणारा आला, मारला गेलेला जीव आला, गुन्हाही आला. पोटातल्या गर्भाला कोणत्या टप्प्यापासून माणूस मानायचं, यावरच तर वाद घालायचा आहे. त्याचा निकाल पहिल्याच शब्दात लागून जातो. ज्याचं मत मनापासून तसं आहे त्याने हा शब्द जरूर वापरावा, पण युक्तिवाद करून तिथवर पोचल्यावर. विषयाचं नाव म्हणून नव्हे.

आता 'गर्भपात'. पात म्हणजे पडणं. उल्कापात, हिमपात, अश्रुपात. यांत पाडणारा कोणी नाही. म्हणजे हा शब्द कर्त्याबद्दल काहीच सांगत नाही. आपोआप झालेला आणि करवून घेतलेला, दोन्ही गर्भपातच. सुश्रुताने फरक केला तो महिन्यांवरून: चौथ्या महिन्यापर्यंत जातो तो स्राव, पाचव्या-सहाव्यात, शरीर घट्ट झाल्यावर, तो पात. स्वतःहून की मुद्दाम, हा भेद त्यात नाही.

तो भेद आपल्या बोलीने किती सहज केलाय पाहा. 'पोट पडलं' आणि 'पोट पाडलं'. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, मरणे-मारणे यांच्याच रांगेतली ही जोडी. एका कान्याने सगळी जबाबदारी इकडची तिकडे होते. आणि तो काना चुकीच्या जागी पडला तर काय होतं, ते मी घरात पाहिलंय. माझ्या मावसबहिणीचं तिसऱ्या महिन्यात गेलं. हवंहवंसं, चार वर्षांनी राहिलेलं. घरी आणल्यावर दवाखान्याचं कार्ड टीपॉयवर होतं, त्यावर 'इन्कम्प्लीट ॲबॉर्शन' लिहिलेलं. डॉक्टरी भाषेत ते बरोबरच. तिथे आपोआप गेलेल्यालाही ॲबॉर्शनच म्हणतात. सासरच्या एका नातेवाइकाने ते वाचलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पाडलंस होय?" ती काही बोलली नाही. उठून आत गेली. तेव्हापासून मला या शब्दांबाबत ढिलाई सहन होत नाही.

'भ्रूण' या शब्दाचाही घोळ आहे. जुन्या धर्मसूत्रांत 'भ्रूणहा' म्हणजे गर्भ मारणारा, तसाच ब्राह्मणाला मारणाराही. महापातकाचा वास या शब्दाला तेव्हापासूनचा. आजच्या वैद्यकीय परिभाषेत मात्र साधारण पहिले दोन महिनेच भ्रूण, पुढे गर्भ. सोनोग्राफीत लिंग भरवशाने कळतं ते तिसरा महिना उलटताना. म्हणजे आपण ज्याला 'स्त्रीभ्रूणहत्या' म्हणतो, त्यात परिभाषेप्रमाणे भ्रूण नसतोच!

हा शब्द आपल्याकडे रुळला तो चांगल्या कामातून, हे मी विसरत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, 1988 साली. केंद्राचा कायदा आला 1994 मध्ये. पण 'भ्रूणहत्या पाप आहे' अशा पाट्या गावोगाव लागल्या आणि 'स्त्री' हा भाग वाचणाऱ्याच्या डोक्यातून गळाला. कायद्याने गुन्हा ठरवलाय तो लिंग तपासण्याचा आणि सांगण्याचा. ठरलेल्या मुदतीत, कायद्याने दिलेल्या कारणांसाठी केलेला गर्भपात 1971 च्या कायद्याने मान्य आहे. तरी नोंदणीकृत केंद्रात जाणारी बाई आजही चोरासारखी जाते. माझं मत असं की 'स्त्रीभ्रूणहत्या'ऐवजी 'गर्भलिंगनिवड' म्हणावं. दोष निवडीचा आहे, तो नेमका तिथेच लागतो.

'हत्या' शब्द जपून वापरल्याचं एक उदाहरण पुण्यातच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये काढलेल्या घराचं नाव 'बालहत्या प्रतिबंधक गृह'. जन्मलेल्या बाळाबद्दल तो शब्द आहे, म्हणून चपखल बसतो; आणि फसवल्या गेलेल्या विधवेला दार उघडं ठेवणारं ते घर होतं.

दुसऱ्या बाजूचा शब्दही तपासला पाहिजे. 'पिशवी साफ केली' असं आपण सर्रास म्हणतो. त्यात गर्भ नावाचं काही होतं याचा पत्ताच लागत नाही. बाईला कुजबुजीपासून वाचवायला तो ठीक, वादविवादात नाही. सरकारी कागदांतला 'गर्भसमापन' कोरडा आहे, पण मुद्दाम केलेलं आणि दोष न देणारं, असं दोन्ही एका शब्दात सांगतो. मुलांनी तो घ्यावा, नाहीतर सरळ 'गर्भपात करवून घेणे'.

राहिला 'धोका' आणि तो 'म्हणून'. धोका कशातून? प्रशिक्षित हातांनी, योग्य पद्धतीने, सुरुवातीच्या आठवड्यांत केलेल्या गर्भपातातला धोका बाळंतपणातल्या धोक्याहून कमी असतो. आठवडे वाढतात तसा तो वाढतो. खरा धोका 'असुरक्षित' गर्भपातात, अडाणी हातांत. हे विशेषण गाळलं की वाक्य खोटं पडतं. 'बेकायदा' हा त्याचा पर्याय नव्हे. तो शब्द कायद्याचा, हा शरीराचा. गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला शांतिलाल शाह समिती 1964 मध्ये नेमली गेली तीच लपूनछपून होणाऱ्या गर्भपातांत बायका दगावत होत्या म्हणून. आपला 1971 चा कायदा नीतीच्या वादातून नव्हे, या काळजीतून आला. म्हणूनच त्यात डॉक्टरांचं मत मध्यभागी आहे. 2021 च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत 20 वरून 24 आठवड्यांपर्यंत नेली, तरी ती रचना बदलली नाही.

आणि 'म्हणून'ने तर दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे. धोका आहे म्हणून कृती अनैतिक ठरत नाही, नाहीतर शस्त्रक्रियाही अनैतिक ठरेल. उलट धोका शून्य झाला तरी गर्भाला जीव मानणाऱ्याचा आक्षेप तसाच उभा राहतो. तोच त्याचा खरा मुद्दा, तो त्याने उघड मांडावा.

त्या मुलाला वाक्य तोडून असं लिहू द्या: 'असुरक्षित गर्भपातामुळे स्त्रीच्या जिवाला धोका पोचतो. गर्भपात सुरक्षित असला तरी मी त्याला विरोध करतो, कारण गर्भालाही जगण्याचा हक्क आहे असं मी मानतो.' आणि समोरच्याने म्हणावं: 'गर्भ तिच्या शरीरात वाढतो, म्हणून तो ठेवायचा की नाही हे तिनेच ठरवावं असं मी मानते.' दोघांनीही 'मानतो', 'मानते' गाळू नये.