आधी बिऱ्हाडांची यादी, मग नकाशा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या वाड्याच्या पुनर्विकासाचं काम तुझ्याकडे आलं, फार बरं वाटलं. आर्किटेक्ट म्हणून तुझं हे पहिलंच स्वतंत्र काम, आणि तेही पेठेतलं. तू पाठवलेलं एफएसआय (जमिनीच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण), पार्किंग आणि मजल्यांचं गणित नजरेखालून घातलं. गणितात काही चूक नाही. पण त्या वाड्यात बिऱ्हाडं किती, हे त्यात कुठेच दिसलं नाही. म्हणून हे पत्र.

पेठेतल्या कामाची सुरुवात मोजणीच्या टेपने होत नाही. आधी यादी कर. मालक सांगतील ती यादी घेऊन थांबू नकोस, बिल्डरच्या ऑफिसात टाइप झालेली तर नकोच. वही घे, दुपारी चारनंतर जा, प्रत्येक दारात बस, चहा दिला तर घे. नाव कोणाचं, राहतं कोण, भाडेपावती कोणाच्या नावाची, शेवटचं भाडं कधी दिलं, हे विचार. पावत्या बहुतेकदा आजोबांच्या नावाच्या निघतात, डब्यात जपून ठेवलेल्या. एखाद्या खोलीला कुलूप दिसेल. ते बिऱ्हाड कोथरूडला किंवा सिंहगड रोडला गेलेलं असतं आणि हक्क राहावा म्हणून कुलूप ठेवून असतं. ती खोलीही यादीत घे, तिथल्या माणसाचा फोन मिळव. पुढे सगळ्यात जास्त ताणतं ते हेच बिऱ्हाड. जागा सलग सहा महिने विनाकारण न वापरणं हे कायद्याने जागा खाली करून घेण्याचं कारण होऊ शकतं, हे त्यालाही माहीत असतं आणि मालकालाही.

वाडे असे मोडकळीला का आले, हे नीट समजून घे, नाहीतर तुला मालक तरी खलनायक वाटेल नाहीतर भाडेकरू. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडेकरूला छप्पर मिळालं, ते त्या काळी गरजेचंच होतं. पण भाडं पाचपंधरा रुपयांवर राहिलं आणि कौलं शाकारायचा खर्च वाढत गेला. मालकाने हात आखडला. आज लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून आला. त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढ आहे. वीस रुपयांवर चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. त्याच कायद्याने पागडीलाही, म्हणजे राहण्याच्या हक्कासाठी भाड्याशिवाय दिलेल्या एकरकमी पैशांनाही, मान्यता दिली. म्हणजे तुझ्या वाड्यात जमीन एकाची आणि राहण्याचा हक्क दुसऱ्याचा, आणि दोघांचंही म्हणणं खरं, अशी स्थिती आहे. त्यात मालकांकडची वाटणी झालेली नसते. मालमत्ता पत्रकावर पणजोबांचं नाव आणि वारस चार गावांत विखुरलेले. सिटी सर्व्हेचा उतारा काढ, फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या नोंदी, वाच, आणि बहिणींची नावं आहेत का ते आवर्जून बघ. सह्यांच्या वेळी राहून गेलेली बहीण काम वर्षानुवर्षं अडवू शकते, आणि तिचं चुकतही नसतं.

आता यादीतला दुसरा रकाना, ज्याच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहितोय. पावतीवर खोलीचं माप असतं. माणूस मात्र खोलीपुरता राहत नाही. तुझा वाडा तांबट आळीपासून लांब नाही, म्हणून तिथलंच सांगतो. एका वाड्यात तळमजल्यावर एक तांबट बसायचे. कागदावर त्यांची जागा एक खण. सकाळी ते ओट्यावर बसून लोखंडी दांड्यावर पातेलं फिरवत ठोके घालायचे, मठारकामाचा एकेक ठिपका ओळीत उठायचा. तयार हंडे चौकात, कोळसा जिन्याखाली, चिंचेने भांडी घासायची ती हौदापाशी. त्यांना नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कागदाबरहुकूम जागा मिळत होती, उलट थोडी जास्तच. पण तिसऱ्या मजल्यावर ठोके कसे घालणार, आणि खालच्या-वरच्या घरांनी ते का सोसायचे? त्यांना घर मिळत होतं आणि धंदा जात होता. बुरूड आळीत बांबू उभे करायला जागा लागते, कुंभारवाड्यात माती कालवायला. कसब्यात राहणं आणि कमावणं एकाच उंबऱ्याच्या दोन बाजूंना चालत आलंय. म्हणून प्रत्येक नावापुढे लिही: पावतीत काय आहे, आणि वापरात काय आहे. ओटा कोण वापरतं, पापड कुठे वाळतात, गणपती मंडळाचं सामान कुठल्या खोलीत असतं, म्हाताऱ्या माणसाला संडासापर्यंत किती पायऱ्या आहेत.

हा रकाना भरलास की नकाशा आपोआप वेगळा निघेल. सगळा तळमजला गाड्यांना देऊन टाकायचा मोह होतो, नियमही तिकडेच ढकलतात. तरी रस्त्याच्या कडेला दुकानं आणि कामाच्या जागा येतील असं बघ, गाड्या मागे किंवा खाली ने. खांबांवर उभ्या इमारतींची रांग लागली की त्या बोळात संध्याकाळी कोणी थांबत नाही. सहकारनगरच्या मागच्या गल्लीत आणि पेठेत मग फरक राहत नाही. मला हे बघवत नाही, स्पष्टच सांगतो.

मेट्रोचं जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हे भुयारी अंतर २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं आणि कसबा पेठ स्थानक तुझ्या वाड्याच्या हाकेवर आलं. आता प्रत्येक मालकाला मोठे आकडे दिसतायत. तू कोणाला आकडा सांगू नकोस. बांधकाम किती मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही ठरतं, आणि बोळ काही मेट्रोने रुंद होत नाही. शनिवारवाडा संरक्षित असल्याने त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. तुझा वाडा फडके हौदाकडे आहे, बहुधा बाहेर पडेल, पण अंतर अधिकृत मोजून घे.

पैशाच्या बाजूने एकच गोष्ट ठाम धर. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा बांधकाम प्रकल्पांचा कायदा, आहे म्हणून सगळे निश्चिंत असतात. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी बंधनकारक नाही, आणि पेठेतले बरेचसे वाडे त्याहून लहान आहेत. तुझाही मापाने त्यातच बसतोय. म्हणून खोली रिकामी करायच्या आधी प्रत्येक बिऱ्हाडाचा पर्यायी जागेचा करार नोंदलेला हवा: मजला, कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र), नकाशावर दोघांच्या सह्या, मधल्या काळातलं भाडं किती आणि कोणत्या तारखेला. ते भाडं पेठेत किंवा जवळपास जागा मिळेल इतकं असावं, यासाठी तू बोल. धायरीला गेलेल्या आजी तीन वर्षांनी परत येतीलच असं नाही.

पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस येते, तेव्हा भाडेकरू घाबरतात: वाडा पाडला की हक्क गेला. तसं नाही. महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलंय. हे तू पहिल्याच बैठकीत सांग. भीतीपोटी लोक गळक्या माडीखाली झोपतात. भीती गेली तर निदान जून ते सप्टेंबर दुसरीकडे राहायला तयार होतील. त्याच बैठकीत हेही सांग की तुझी फी बिल्डर देतो. लपवलंस आणि नंतर कळलं, तर तुझ्या एकाही रेघेवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

बिल्डर घाई करेल, थ्रीडी चित्रं मागेल. त्याला एक महिना मागून घे. त्या महिन्यात मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांना भेट. कोणाचं कोणाशी जमत नाही आणि कोणाचा शब्द सगळे ऐकतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. यादी पूर्ण झाली की दोन्ही रकान्यांसकट मला पाठव, सोबत मालमत्ता पत्रकाची प्रत जोड. मग आपण तळमजल्यापासून काढायला बसू.

तुझा,
काका