लेआउवाआ की सवाईई? सामोअन वंशावळ शोधताना

तुमचे जावई प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशाच्या मुळाचे, आणि त्यांची वंशावळ शोधायच्या तुमच्या प्रश्नात तीन गाठी आहेत. जावयांच्या आजोबांच्या १९२८च्या जन्मदाखल्यावर उपोलू बेटावरचं लेआउवाआ हे गाव आहे, पण घरातले सगळे ‘आम्ही शेजारच्या सवाईई बेटाचे’ असंच सांगतात. आजोबा आणि त्यांचे सख्खे भाऊ, दोघांची आडनावं वेगळी. आणि या सगळ्याचा निकाल डीएनए चाचणीने लागेल का, असं विचारलंय. चाचणीचं शेवटी बोलू, कारण तिचा उपयोग सगळ्यात कमी.

गावाची गाठ सोपी आहे. सवाईई बेटाच्या उत्तरेला माताव्हानू ज्वालामुखी १९०५ ते १९११ असा सहा वर्षं धुमसत होता. लाव्हा थेट समुद्रापर्यंत आला आणि सालेआउला, लेआलातेले या बाजूची वस्ती त्याखाली गेली. तेव्हा तिथे जर्मनांचं राज्य होतं. उठलेल्या कुटुंबांना उपोलूवर जमिनी मिळाल्या. लेआउवाआ आणि सालामुमू ही गावं अशी वसली. कोयनेच्या धरणात गाव गेलेली माणसं तीन पिढ्यांनंतरही मूळ गावाचंच नाव सांगतात, तसंच हे. म्हणजे दाखला खरा आणि घरचेही खरे. आजोबांचा शोध उपोलूवर घ्या, त्यांच्या वडलांचा आणि आजोबांचा सवाईईवर.

आता आडनाव. आपल्याकडे पाटील, देशमुख ही मुळात पदं. पुढे त्यांचीच आडनावं झाली. सामोआत हे अजून जिवंत आहे. कुटुंबाची, म्हणजे तिथल्या ‘आइंगा’ची, स्वतःची पदवी असते आणि ती धारण करणारा तो ‘मताई’. ती बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. सगळ्या शाखा बसून माणूस निवडतात आणि ‘साओफाई’ या विधीत पदवी देतात. पदवी मिळाली की ती नावाच्या आधी लागते: १९६२पासून २००७पर्यंत राष्ट्रप्रमुख असलेल्या मालिएतोआ तानुमाफिली यांच्या नावात मालिएतोआ ही पदवी आहे, तानुमाफिली हे त्यांचं नाव.

मुलांच्या नावापुढे कधी वडलांचं घरचं नाव लागतं, कधी पदवी. त्यामुळे मोठ्या भावाच्या कागदावर वडलांचं नाव आणि साओफाईनंतर जन्मलेल्या धाकट्याच्या कागदावर पदवी, असं सहज होतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: पणजोबांना पदवी कोणत्या साली मिळाली, आणि त्याआधी दुसरी एखादी होती का? एकाच माणसाची आयुष्यात तीन नावं होऊ शकतात. उलटही होतं. एकच पदवी एकाच वेळी चार-पाच जणांकडे विभागून असते, त्यामुळे एकाच गावात, एकाच दशकात त्याच नावाची दोन माणसं सापडली तर ती एकच धरू नका. सामोअन वंशवृक्षातल्या निम्म्या चुका इथेच होतात, असं माझं मत. वहीत प्रत्येकासाठी घरचं नाव, पदवी, पदवीचं साल, पदवीचं गाव आणि चर्च असे पाच रकाने पाडा. ‘आडनाव’ हा रकानाच ठेवू नका.

चर्चचा रकाना कशासाठी? कारण जुन्या बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदी तिथेच आहेत. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३०मध्ये सवाईईवरच्या सापापालीई इथे उतरले. आजचं काँग्रिगेशनल चर्च ही त्यांची परंपरा. मेथडिस्ट पंथ टोंगामार्गे आला, कॅथलिक १८४५मध्ये, मॉर्मन १८८८मध्ये. नावावरूनही सुगावा लागतो. जॉनचं सामोअन रूप इओआने, टोंगन रूप सिओने. घराण्यात सिओने फार दिसत असतील तर आधी मेथडिस्ट वह्या चाळा. एक खोच मात्र आहे. गावचा पाद्री, ‘फाइफेआउ’, सहसा परगावचा असतो. पूर्वजांत कोणी फाइफेआउ असेल तर मुलांची जन्मगावं नेमणुकीची आहेत, मूळ गाव नव्हे.

शोधाला बसाल तेव्हा स्पेलिंगवर भरवसा ठेवू नका. सामोअन लिपीतल्या ‘जी’चा उच्चार ‘ङ’ असा होतो. पागो पागो या गावाचं नाव तसं लिहितात आणि पांगो पांगो म्हणतात. परका कारकून ऐकून लिहितो तेव्हा तिथे ‘एनजी’ येतं. रोजच्या बोलण्यात ‘त’चा ‘क’ होतो, म्हणून तावीता हा कागदावर कावीका होऊन बसतो. श्वास अडवून म्हणायच्या स्वराआधीचं उलटं स्वल्पविराम-चिन्ह जुन्या नोंदींत बहुतेक गाळलेलं असतं. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर शंकास्पद अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि शेपटाच्या जागी तारांकन टाकता येतं, ते वापरा. नाव आणि आडनाव यांची अदलाबदल करूनही एकदा शोधा, कारण पदवी कुठल्या चौकटीत पडली असेल ते सांगता येत नाही.

तारखांचा घोळ तर खास सामोआचा. १८९२मध्ये सामोआने अमेरिकेच्या बाजूचा दिवस स्वीकारला आणि त्या साली ४ जुलै दोनदा आला. २०११च्या अखेरीस तो परत उलटा फिरला आणि ३० डिसेंबर हा दिवस तिथे उगवलाच नाही. मधल्या सगळ्या काळात सामोआच्या राजधानीत, आपियात, सोमवार असायचा तेव्हा न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये मंगळवार. घरच्या बायबलातली आणि न्यूझीलंडच्या कागदावरची तारीख एका दिवसाने चुकत असेल तर ती चूक समजून खोडू नका. शेजारच्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या अमेरिकन सामोआच्या कागदांवर महिना आधी आणि दिवस नंतर असतो, हेही ध्यानात ठेवा.

कागदांचा क्रम अलीकडून मागे असाच ठेवा. आजोबांचं लग्न ऑकलंडला झालं म्हणता, तर न्यूझीलंडच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीकडून त्याची प्रत मागवा. साधं प्रमाणपत्र न मागता मूळ नोंदीची छापील प्रत मागा. दोन्हीकडच्या आईवडलांची नावं त्यात सविस्तर मिळतात. त्यांच्या खुल्या ऐतिहासिक यादीत विवाह ८० वर्षांनी आणि जन्म १०० वर्षांनी येतात, त्यामुळे १९५०च्या दशकातलं लग्न तिथे दिसणार नाही. ‘नोंदच नाही’ म्हणून सोडून देऊ नका. प्रवासासाठी १९७३पर्यंतच्या प्रवासी याद्या फॅमिलीसर्चवर आहेत. मातुआ आणि तोफुआ या बोटी त्या काळी ऑकलंडहून बेटांकडे ये-जा करत. आपियातली जन्म-मृत्यू नोंदणी सामोआच्या सांख्यिकी विभागाकडे आहे. न्यूझीलंडच्या ‘पेपर्स पास्ट’ या जुन्या वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळावर ‘सामोआनिशे त्साइटुंग’ या आपियाच्या वर्तमानपत्राचे १९०१ ते १९३०चे अंक मोफत वाचता येतात, आणि त्यात इंग्रजी मजकूरही आहे.

सगळ्यात भारी दप्तर म्हणजे मुलिनूऊ इथलं भूमी आणि पदवी न्यायालय. त्याची सुरुवात जर्मन अमदानीत, १९०३मध्ये झाली. पदवीच्या वादात प्रत्येक बाजू आपली वंशावळ, ‘गाफा’, पुराव्यादाखल मांडते, त्यामुळे तिथे पिढ्यांची नावं सापडतात. मात्र तिथे पदवी आणि गाव सांगावं लागतं. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर हाती काही लागणार नाही.

१९१८च्या आसपास मात्र धागा तुटण्याची तयारी ठेवा. ७ नोव्हेंबर १९१८ला ‘तालुने’ बोट इन्फ्लुएन्झा घेऊन आपियाला लागली आणि पश्चिम सामोआतली, म्हणजे आजच्या सामोआतली, सुमारे ८,५०० माणसं, म्हणजे पाचातलं एक माणूस, दगावली. कित्येक जणांना एकत्र पुरलं. वंशावळ तोंडपाठ असलेले म्हातारे गेले, पोरकी मुलं नातलगांकडे वाढली. कागदावरचे ‘आईवडील’ तेव्हा खरे काका-मावशी असू शकतात. अमेरिकन सामोआत बोटींना बंदी घातल्यामुळे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही. म्हणून घराण्याची एखादी शाखा तिथल्या तुतुइला बेटावर असेल तर तिला नक्की विचारा.

आता गाफाबद्दल. ही सात-बारासारखी वस्तू आहे. तिच्यावर जमीन आणि पदवी यांचे हक्क ठरतात. कोणी विचारलं आणि सांगितलं, असं होत नाही. जावयांच्या आत्याबाईंकडून सुरुवात करा, कारण सामोआत बहिणीच्या बाजूला भावाकडून विशेष मान असतो आणि तिचा शब्द चालतो. तुम्ही व्याह्यांकडून आलेले पाहुणे, तेव्हा प्रश्न जावयांनीच विचारलेला बरा. ध्वनिमुद्रण आधी विचारून करा. मिळालेली नावं खुल्या वंशवृक्षावर चढवू नका: चुकीच्या क्रमाने लिहिलेला थोरला-धाकटा उद्या कोणाच्या तरी खटल्यात दाखवला जाईल.

राहिली चाचणी. बेटांवर मोजकी माणसं वसली आणि पुढे आपसांतच सोयरिकी झाल्या, त्यामुळे सगळेच एकमेकांचे जवळचे दिसतात. आईकडून येणारा बी४ए१ए१ हा डीएनएचा गट तर बहुतेक सगळ्या पॉलिनेशियनांत आहे. त्यावर पैसे घालवू नका. साध्या चाचणीतही एकूण बेरीज फसवते. समजा, एका माणसाशी झालेल्या जुळणीत ९ सेंटिमॉर्गनचे (डीएनएचे तुकडे मोजायचं एकक) १० तुकडे आणि दुसरीत ४५, ३० आणि १५ असे तीन. बेरीज दोन्हीकडे ९०च. पहिली म्हणजे बेटावरचं जुनं विखुरलेलं नातं, दुसरी खऱ्या अर्थाने जवळची. सर्वांत लांब सलग तुकडा पाहायचा. आणि घ्यायचीच असेल तर चाचणी आत्याबाईंची घ्या, नातीची नको. आजोबांचा अर्धा वाटा लेकीकडे आहे. तुमच्या नातीपर्यंत पोचताना तो सरासरी एक अष्टमांश उरतो. आत्याबाई नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा.