डीजी रिकामा पळवू नका

प्रश्न : आमची पुण्यात सहा मजली सोसायटी आहे. ६२.५ केव्हीएच्या वॉटर-कूल्ड डीजीवर (डिझेल जनरेटरवर) लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे चालतात. वॉचमनकाका दर रविवारी नेमाने पाच मिनिटं तो चालू करतात. तरीही गणपतीत वीज गेली तेव्हा थोड्याच वेळात ‘हाय टेंपरेचर’ दाखवून बंद पडला. रेडिएटरमध्ये पाणी कमी होतं, ते बोअरचं भरलं. मेकॅनिक म्हणतो, रेडिएटरच बदला. काय करावं?
— एका सोसायटीच्या सेक्रेटरी

उत्तर : ताई, रेडिएटरची ऑर्डर जरा थांबवा आणि आधी डीजीभोवती एक चक्कर मारा. गणपतीचे दिवस म्हणालात म्हणून विचारतो, मांडवाचे वासे, जुने फ्लेक्स, प्लॅस्टिकच्या खुर्च्या कॅनॉपीला (डीजीच्या पत्र्याच्या पेटीला) टेकवून ठेवल्या होत्या का? डीजीमागची जागा म्हणजे सोसायट्यांचं हक्काचं गोदाम. रेडिएटरचा पंखा इंजिनाकडची हवा बाहेर ढकलतो. समोर आडोसा असला की तीच गरम हवा वळून पुन्हा आत येते आणि धडधाकट इंजिनही तापतं.

पुढचं काम इंजिन पूर्ण गार असताना. पॅनेलचा स्विच ‘ऑफ’वर टाका आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ‘ऑटो’वर ठेवलेला डीजी वीज गेली की स्वतःहून सुरू होतो, तेव्हा तुमचा हात पंख्यात असायला नको. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर येतं.

रेडिएटरच्या बारीक पत्र्यांत कचरा बसतो तो बहुधा इंजिनाच्या बाजूने, कारण हवा तिकडून येते. तेलाचा अंश मिसळला तर त्याचा लगदाच होतो. म्हणून धुवायचं ते बाहेरून इंजिनाच्या दिशेने, साध्या पाइपने. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा पत्र्या दुमडतो. अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, आधी प्लॅस्टिकने झाका. बेल्ट तडकलाय का, सैल आहे का, तेही याच वेळी बघून घ्या.

बोअरचं पाणी मात्र काढूनच टाका. त्यातले क्षार इंजिनात आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात, मग बाहेरून कितीही धुवा, उष्णता बाहेर पडत नाही. तयार कूलंट आणा, किंवा कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ‘पुण्यात कुठे बर्फ पडतो?’ असं कमिटीत कोणीतरी म्हणणारच. त्यांना सांगा, इथे कूलंट पाणी गोठू नये म्हणून नाही, गंज धरू नये म्हणून लागतं. शिवाय अशा बऱ्याच इंजिनांत लायनरभोवती, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्याभोवती, पाणी खेळतं. लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि धातूला टोचे पडत जातात. त्यातून पाणी ऑइलमध्ये उतरलं की डिपस्टिकवर दुधी फेस दिसतो. तसा दिसला तर डीजी चालवूच नका. आणि पाणी कमी कशाने झालं, तेही शोधा. होज, क्लिप, वॉटर पंपाखालचा डाग, झाकणाचं रबर, या क्रमाने बघा. एवढं करून, रेडिएटर आतून धुतल्यावरही (फ्लशिंग) तापला, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं धरा.

आता रविवारची पाच मिनिटं. काकांचा नेम चांगला, पण पद्धत इंजिनाला मारक आहे. भार नसताना डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, इंजेक्टरवर काजळी बसते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळं चिकट ओघळतं. निदान ३० टक्के भार हवा. ६२.५ केव्हीए म्हणजे सुमारे ५० किलोवॉट, म्हणजे १५ किलोवॉट तरी. ७.५ एचपीचा एक पंप साधारण साडेपाच किलोवॉट घेतो. महिन्यातून एकदा, लिफ्ट रिकामी आहे याची खात्री करून, मेन स्विच पाडा. डीजी स्वतः भार उचलतो का तेही कळेल. मग पंप एकामागून एक लावा, लिफ्ट फिरवा आणि अर्धा तास चालू द्या. भार पुरत नसेल तर सर्व्हिसवाल्यांकडून वर्षातून एकदा लोड बँक, म्हणजे कृत्रिम भार देणारं यंत्र, लावून घ्या. ऑइलही तास भरले नाहीत म्हणून ठेवू नका, वर्षाला बदलाच.

आणि बॅटरी! ‘डीजी चालूच होत नाही’ म्हणून फोन येतो तेव्हा माझा पहिला संशय तिच्यावरच. १२ व्होल्टची बॅटरी चार्जर काढून काही तास ठेवल्यावर १२.६ च्या आसपास दिसली पाहिजे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवून पेट्रोलियम जेली लावा.

प्रश्न : दापोलीजवळ आमचा होमस्टे आहे. पावसाळ्यानंतर डीजी झटके देत बंद पडतो. डिझेल तर टाकीत आहे.
— एक होमस्टेचालक

उत्तर : डिझेलखाली पाणी साचलं असणार. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत आतून घामेजते. पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूही वाढतात आणि त्यांची काळी बुळबुळीत साय फिल्टर तुंबवते. टाकीचा तळ आणि वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) एका काचेच्या बाटलीत उतरवून बघा, थर स्पष्ट दिसतील. फिल्टर बदला, लाइनमधली हवा काढा. पुढच्या वर्षी मेअखेरीस टाकी काठोकाठ भरून ठेवा.