औषधयुक्त मच्छरदाणी साध्या मच्छरदाणीपेक्षा खरोखर चांगली असते का?

होय, निश्चित चांगली असते. साध्या जाळीला झोपेत कोपर टेकले की डास बाहेरूनच चावतो. औषधयुक्त जाळीवर बसलेला डास मात्र बहुधा मरतो, म्हणून गावात बहुतेकांनी ती वापरली तर न वापरणाऱ्यालाही थोडे संरक्षण मिळते. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात टळलेल्या हिवतापाच्या रुग्णांपैकी सुमारे ६८ टक्के या मच्छरदाण्यांमुळे टळले, असा संशोधकांचा अंदाज आहे.

परंतु ‘आदिवासी लोक फुकटच्या मच्छरदाण्यांनी मासे धरतात, मग त्या वाटायच्या कशाला?’ असे तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारले आहे आणि मी उत्तर लिहितो आहे ते त्यासाठीच. गडचिरोलीतील भामरागड तालुक्यात मी आरोग्यसेवक होतो. आढावा बैठकीत एका वरिष्ठांनी हेच वाक्य सर्वांसमोर उच्चारले, तेव्हा मी उभा राहून सांगितले की रात्री घरोघर फिरल्यावर वेगळेच दिसते: दोन माणसांमागे एक असा हिशेब असताना सात-आठ जणांच्या घरात दोनच मच्छरदाण्या पोहोचलेल्या असतात, त्यांत आई आणि लहान मुले झोपतात, आणि धान पिकू लागले की घरातले पुरुष रानडुकरांपासून पीक राखायला शेतातल्या मचाणावर उघड्यावर झोपतात. नाल्यावर मला दिसलेल्या जाळ्या फाटलेल्या, औषध संपलेल्या होत्या. त्या बदलून देण्याची जबाबदारी गावकऱ्यांची नव्हती. माझे म्हणणे इतिवृत्तात आले नाही, ‘लोकांमध्ये जागृतीचा अभाव’ एवढेच आले. जागृती नव्हती ती आमच्या खात्यात, असे मी आजही म्हणतो. मचाणासाठी वेगळी मच्छरदाणी द्या आणि मग वापर मोजा.

धुण्याविषयी: साध्या साबणाने हलक्या हाताने धुवावी, सावलीत वाळवावी, आणि धुतलेले पाणी नाल्यात किंवा तळ्यात सोडू नये, कारण हे औषध माशांना घातक असते. साधारण वीस धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षे तिचा प्रभाव टिकतो, असे धरले जाते.

हेही सांगायला हवे की काही भागांतील डास या औषधाला दाद देईनासे झाले आहेत, आणि अंथरुणात शिरण्यापूर्वी संध्याकाळी चावणाऱ्या डासांपुढे कोणतीही मच्छरदाणी निरुपयोगी आहे. त्यामुळे ताप आल्यास मच्छरदाणीत झोपत असलात तरी त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.