ग्रेडिंगच्या टेबलामागे पहिल्यांदा बसताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कुंग फूच्या येत्या ग्रेडिंगला, म्हणजे पुढचा सॅश (कमरेचा रंगीत पट्टा) द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या परीक्षेला, तू पहिल्यांदा परीक्षक म्हणून बसणार आहेस आणि त्या विचारानं तुझी झोप उडाली आहे, हे पत्रातून कळलं. वाचून बरं वाटलं. त्या खुर्चीची धास्ती वाटणाऱ्यालाच तिथे बसवावं, असं मला कायम वाटत आलं आहे. तू ज्या मुलाबद्दल विचारलंस, ज्याचा फॉर्म (ठरलेल्या हालचालींची एकट्यानं करायची मालिका) सुरेख आहे, वर्षभरात ज्यानं एक तास चुकवला नाही, पण समोर माणूस आला की जो गडबडतो, त्याच्याकडे मी शेवटी येते. आधी बाकीचं बोलू.

ग्रेडिंगचा निकाल ग्रेडिंगच्या दिवशी ठरत असेल, तर वर्गात काहीतरी राहून गेलेलं असतं. मा बूमध्ये (घोडेस्वारासारखं पाय फाकवून खाली बसण्याच्या स्थितीत) एखाद्याचा गुडघा आत कोसळतोय हे तू रोज बघतोस. ते त्याला त्याच दिवशी सांगायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायचं, वहीत लिहून ठेवायचं. मग परीक्षेत त्याला नवं काही ऐकावं लागत नाही. थांबवलेला, म्हणजे वरचा सॅश न मिळालेला, विद्यार्थी घरी जाऊन "मला हे कुणी कधी सांगितलंच नाही" असं म्हणाला आणि ते खरं निघालं, तर ती चूक आपली. म्हणून तयारी नसलेल्याला मी परीक्षेला बसूच देत नाही. महिनाभर आधी बाजूला घेऊन सांगते. ते सांगणं फार जड जातं, पण सगळ्यांसमोर थांबवण्यापेक्षा कितीतरी बरं.

आता बघायचं काय, ते. पहिले दहा पंच सगळेच छान मारतात. वॉर्म-अप झालेला असतो, छाती ताठ असते, टेबलाकडे लक्ष असतं. तू चाळिसाव्या पंचाची वाट बघ. खांदा वर चढतो का? मनगट वाकतं का? कमरेतून येणारी ताकद बंद होऊन नुसता हात पुढे जातो का? गोंग बूमध्ये (पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताठ ठेवण्याच्या स्थितीत) मागच्या पायाची टाच उचलली जाते का? दमल्यावर जे शिल्लक राहतं तेवढंच त्या माणसाचं झालेलं असतं. बाकीचं त्या दिवसापुरतं आणलेलं असतं. म्हणून आमच्याकडे फॉर्म दोनदा घेतात: एकदा सुरुवातीला आणि एकदा सगळं संपल्यावर, पाय थरथरत असताना. माझे गुण मी दुसऱ्या वेळचे देते.

आणखी एक. किकची उंची म्हणजे दर्जा नव्हे. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे दुखणारी एखादी विद्यार्थिनी मांड्या जमिनीला समांतर आणू शकणार नाही. तिच्यासाठी स्टान्सची (उभं राहण्याच्या स्थितीची) खोली कमी चालेल. पण गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच हवा, पाठ सरळ हवी, वजन कुठे आहे ते तिला कळायला हवं. यात सवलत नाही, तिलाही नाही आणि विशीतल्या लवचीक मुलालाही नाही. शू बूमध्ये (वजन मागच्या पायावर, पुढचा पाय नुसता टेकवलेला) पुढचा पाय उचल म्हटल्यावर जो डगमगतो, त्याचं वजन मागच्या पायावर नव्हतंच, मग तो कितीही खाली बसलेला दिसो. खोली शरीराप्रमाणे बदलते, रचना बदलत नाही, हा फरक तुला टेबलावर वारंवार करावा लागेल. पहिल्या वर्षी मी उंच किकांना भुलून गुण दिले होते, त्याचं आजही वाईट वाटतं.

सॅशच्या रंगाचं दडपण तुझ्यावर येईलच, म्हणून थोडा इतिहास लक्षात असू दे. कुंग फू या शब्दाचा मूळ अर्थ वेळ आणि कष्ट देऊन कमावलेलं कौशल्य. चिनी माणूस स्वयंपाक्याच्या हाताबद्दलही तो शब्द वापरतो. जुन्या परंपरेत रंगीत पट्ट्यांच्या पायऱ्या नव्हत्या. कोण कुठवर आलाय ते गुरूला ठाऊक असे आणि पुढचा फॉर्म शिकवायला घेतला हीच बढती असे. विंग चुन या शैलीत सिउ निम ताओ हा पहिला फॉर्म पक्का झाल्याशिवाय दुसरा, चुम किउ, मिळत नसे आणि तिसरा, बिउ जी, तर फार उशिरा. दर्जांची आजची पद्धत ज्युदोकडून आली. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिला 'दान', म्हणजे वरच्या दर्जाची पहिली पायरी, दिला. चीनमध्ये नऊ पायऱ्यांची दुआन पद्धत 1990 च्या दशकाच्या अखेरीस आली. तिच्यात वरच्या पायऱ्यांसाठी तंत्राबरोबर वर्तन आणि कलेसाठी केलेलं कामही पाहिलं जातं. थोडक्यात, रंग ही अलीकडची सोय आहे. मोठ्या वर्गात कुणाला काय शिकवायचं ते झटकन कळावं, यासाठी ती उपयोगी आहे. "तुमच्याकडे ब्लॅक सॅश किती वर्षांत मिळतो?" असं विचारणाऱ्या पालकाशी शांतपणे बोल. वर्षांचा आकडा मात्र देऊ नकोस. तो एकदा दिलास की ते वचन ठरतं.

चाचणी फक्त फॉर्मची असावी की लढतीचीही, हा वाद आपल्या शाळेचा नाही, फार जुना आहे. शांघायमध्ये 1910 मध्ये निघालेल्या जिंगवू या युद्धकला संघटनेनं सगळ्यांसाठी दहा पायाभूत फॉर्म ठरवून दिले होते. ते आधी, मग ज्याची त्याची शैली. 1928 मध्ये नानजिंगच्या केंद्रीय गुओशू (चिनी युद्धकला) संस्थेनं राष्ट्रीय परीक्षा घेतली, तिच्यात प्रत्यक्ष लढती होत्या. मला दोन्ही हवं वाटतं. फॉर्ममध्ये शरीर कळतं, जोडीदाराबरोबर माणूस कळतो. स्पॅरिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) कोण जिंकलं ते मात्र लिहू नकोस. लिही ते हे: अंतर ओळखतो का, मार लागल्यावर श्वास धरून बसतो का, आपल्यापेक्षा कच्च्या माणसासमोर हात आवरतो का. जोर आवरता येत नसलेल्याला मी वरचा सॅश दिलेला नाही आणि देणारही नाही.

स्पॅरिंगच्या वेळी टेबल सोडून उभा राहा. हेडगार्डमुळे कापणं-फुटणं कमी होतं, पण मेंदूला बसणारा हादरा त्यानं थांबेलच असं नाही. कुणाच्या डोक्याला लागलं आणि तो गोंधळलेला दिसला, डोकं दुखतंय किंवा मळमळतंय म्हणाला, तर त्याची परीक्षा तिथेच संपली. त्याला डॉक्टरकडे पाठवायचं, उरलेला भाग नंतर घ्यायचा. ग्रेडिंगच्या दिवशी प्रत्येक जण "मी ठीक आहे" म्हणतो. तू त्यावर विश्वास ठेवू नकोस.

सेमिनारबद्दल तू ओझरतं लिहिलंस, मला मात्र त्यावर मनापासून बोलायचं आहे. बाहेरचे शिक्षक दोन दिवस येतात, तीस-चाळीस तंत्रं दाखवतात, आपण भारावून घरी जातो. आठवड्यानं त्यातली चार आठवतात. माझी पद्धत साधी आहे. त्याच रात्री लिहून काढायचं आणि त्यातली एकच गोष्ट निवडायची, शक्यतो माझ्या जुन्या चुकीला हात घालणारी. पुढचे तीन महिने तीच. एका सेमिनारला पाहुण्या शिक्षकांनी माझ्या कोपराला नुसतं बोट लावून तो आत आणला होता. दोन दिवसांतलं तेवढंच माझ्याजवळ उरलं, आणि त्यानं माझा पंच बदलला.

पण सेमिनारच्या शेवटी सॅश वाटायला माझा विरोध आहे. तरुणपणी मला असाच एक मिळाला. दोन दिवसांचं शिबिर, शेवटी टाळ्या, फोटो, कमरेला नवा रंग. देणाऱ्यांनी मला जेमतेम काही तास पाहिलं होतं, तेही साठ जणांच्या गर्दीत. वर्गात परतल्यावर माझ्यापेक्षा कितीतरी पक्के असलेले लोक मला वाकून नमस्कार करू लागले आणि मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. तीन आठवड्यांनी मी तो सॅश घडी करून ठेवला आणि जुना बांधला. माझ्या गुरूंनी एक अक्षर विचारलं नाही. नंतर त्यांच्याकडून तोच रंग मिळायला दोन वर्षं लागली. पाहुण्याकडून शिकावं, मोजावं मात्र रोज बघणाऱ्यानं.

फीचं एका ओळीत सांगते: घ्यायचीच असेल तर परीक्षेची घ्यावी, निकालाची नाही, आणि थांबवलेल्याकडून त्याच भागासाठी पुन्हा घेऊ नये.

थांबवायची वेळ आली तर त्याच दिवशी, एकट्याला, बसून सांग. "अजून मेहनत घे" हे वाक्य वापरू नकोस, त्यातून कुणालाच काही कळत नाही. "दुसऱ्या वेळी फॉर्म करताना वळल्यावर तुझी नजर आधी जमिनीवर जाते, म्हणून तोल जातो. सहा आठवड्यांनी मी फक्त ती वळणं बघेन." असं सांगितलं की तो दुसऱ्या दिवशी वर्गाला येतो. मुलांशी बोलताना आई-वडिलांना शेजारी बसव, पण बोल मुलाशी.

आता तुझा काठावरचा मुलगा. त्याची हजेरी मला कौतुकाची वाटते, पण ती गुणांत धरू नकोस. त्याच्या गडबडण्याचं कारण तू शोधलंस का? तो मार लागेल म्हणून घाबरतो, की आपल्या हातून दुसऱ्याला लागेल म्हणून? पहिलं असेल तर त्याला हळू वेगाच्या, ठरवून दिलेल्या जोडीकामाची गरज आहे आणि हा सॅश थांबायला हवा. दुसरं असेल तर त्याच्याकडे वरच्या सॅशला लागणारी एक गोष्ट आधीच आहे, आणि मी वेगळा विचार करेन. या आठवड्यात दोनदा तू स्वतः त्याच्यासमोर उभा राहा, अर्ध्या वेगानं, आणि त्याचे डोळे कधी मिटतात ते बघ: तू मारताना की तो मारताना. ते मला कळव, मग आपण फोनवर बोलू.

तुझी,
ताई